बावीस पावलं आणि पाऊण फेरी

भांडण तिनं पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांच्या चळतीआड, काळी झालेली बोटं पाठीमागे लपवून ती उभी होती. लग्नाला जेमतेम आठ महिने झालेले, आणि पुढच्या खोलीत एकमेकांवर तुटून पडले होते ते तिचे जगातले सगळ्यात जवळचे दोघे. एक नवरा, दुसरा सख्खा थोरला भाऊ.

नवऱ्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गल्ली ओलांडली की समोर भावाचं गॅरेज. मधलं अंतर तिनं हौसेनं मोजलं होतं, बावीस पावलं. एवढ्या जवळ माहेर असलेली बाई शोधून सापडायची नाही असं सगळे म्हणत, आणि त्या संध्याकाळपर्यंत तिलाही तसंच वाटत होतं.

झालं होतं असं, की दुपारी भावाच्या गॅरेजात एका टॅक्सीचं ऑइल बदललं होतं. जुनं काळं ऑइल गेलं, नवं आलं, आणि त्याबरोबर ऑइल गाळणारा फिल्टरही नवा बसला. फिल्टर म्हणजे काय, तर मुठीत मावेल न मावेल एवढा पत्र्याचा डबा. आत कागदाच्या घड्या, तोंडाशी रबराचं एक कडं. इंजिनातलं सगळं ऑइल त्या कागदातून फिरतं, आणि ते बाहेर सांडू नये म्हणून त्या एवढ्याशा कड्यानं दात आवळून धरायचं असतं. टॅक्सी गल्लीतून गेली तेव्हा ठणठणीत होती. मोठ्या रस्त्याला लागली, जरा वेग घेतला आणि खालून भडाभडा ओकली. लाल दिवा लागताच टॅक्सीवाल्यानं जागच्या जागी उभी केली म्हणून इंजिन वाचलं. पण आत बसलेलं गिऱ्हाईक उतरून चालायला लागलं. टॅक्सीवाला गाडी ओढून दुसरीकडे दुरुस्तीला टाकून आला आणि सगळी गल्ली जागी करून, पुन्हा इथं पाऊल ठेवणार नाही असं बजावून गेला.

तो गेल्यावर उरले हे दोघे.

"दाजी, तुमचे फिल्टर म्हणजे नुसते डबे आहेत," भाऊ म्हणाला. "बिस्किटं भरा त्यात."

"फिल्टरला काही झालेलं नाही," नवरा म्हणाला. "तुझ्या हातालाच जोर नाही."

त्यावर भाऊ काहीतरी बोलणार होता. त्यानं श्वास घेतलेला तिला खोक्यांआड ऐकू आला. पण शब्द आलाच नाही. मग नुसत्या चपला वाजल्या, बावीस वेळा, आणि समोरचं शटर खाली आलं.

तिनं बोटांकडे पाहिलं. तो फिल्टर भावानं बसवलाच नव्हता. तिनं बसवला होता.

ती दुपारी भावाला जेवायला बोलवायला गेली होती. भाऊ टॅक्सीचा जुना फिल्टर काढून, नवा शेजारी ठेवून, दुसरी एक गाडी फिरवून बघायला गेलेला. टॅक्सीवाला हॉर्नवर कोपर टेकून बसलेला, आणि हॉर्न असा की कानातला मळ वितळावा. भावाचं काम तिनं शंभरदा पाहिलं होतं. नव्या रबराला बोटानं ऑइल चोळायचं. फिल्टर हातानंच फिरवत न्यायचा. रबर टेकलं की थांबायचं आणि तिथून पाऊण फेरी. पाना लावायचा नाही. अर्धी कमी, अख्खी जास्त, पाऊणच. येईल त्या गिऱ्हाइकाला भाऊ हे ऐकवायचा, म्हणून गल्लीत त्याला सगळे 'पाऊण' म्हणायचे. तिनं सगळं तसंच केलं, अगदी पाऊण म्हणजे पाऊण. ऑइल टॅक्सीवाल्यानं स्वतःच ओतलं आणि धूर सोडत गेला.

भाऊ परत आल्यावर म्हणाला, फिल्टर कुणी बसवला? ती म्हणाली, टॅक्सीवाल्याला फार घाई होती. हे खोटं नव्हतं. पण उत्तरही नव्हतं. भावानं तिच्या हाताकडे पाहिलं आणि चिमे, जेवायला चल म्हणाला.

दोन दिवस बोलणार नाहीत, फार तर चार, असं तिला वाटलं. एकोणीस वर्षं बोलले नाहीत.

न बोलणं हेही काम असतं आणि या दोघांनी ते कष्टानं केलं. दुकान त्याच्याशिवाय चालत नव्हतं, गॅरेज याच्याशिवाय. भावाला दुसरीकडून माल घ्यायचा नव्हता, आणि नवऱ्याला समोरचं गॅरेज सोडून कुणाचं कौतुक ऐकवत नसे, पण तोंड उघडायचं ते तिच्याकडे. सणावाराला ताटाशेजारी ताट मांडून बसले तरी "त्यांना सांग, मीठ इकडे सरकवा." मीठ दोघांच्या मधोमध असायचं. ती स्वयंपाकघरातून हात पुसत यायची आणि मीठ चार बोटं सरकवून जायची. तिच्या मुलीला वाचा फुटली तेव्हा तिचं पहिलं अख्खं वाक्य होतं, "मामा म्हणतो, बाबांना सांग."

अशी ती टपाल झाली. गल्लीनं तिचं नावच पाडलं, टपालकाकू. भावाला फिल्टर हवा असला की तो गॅरेजच्या दारातून हाक मारायचा, ती जायची, निरोप घ्यायची, दुकानात येऊन सांगायची, खोकं घेऊन पुन्हा जायची. दिवसातून दहा वेळा तरी. पण तिच्या टपालात एक खोड होती. निरोप निघायचा एक आणि पोचायचा दुसरा.

भाऊ म्हणायचा, त्या डबाशेठला सांग, याच्यापेक्षा आपल्या आईच्या साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट बसायचं. ती बावीस पावलं चालायची आणि म्हणायची, "अहो, दादा म्हणतोय, रबर जरा मऊ असेल असा बघून द्या."

नवरा म्हणायचा, त्या पाऊणला सांग, आधी हात धू, मग माझ्या मालाला नावं ठेव. ती परत बावीस पावलं जायची. "दादा, हे म्हणाले, बसवण्याआधी इंजिनावरची जागा फडक्यानं स्वच्छ पुसून घे म्हणजे झालं."

पंधराव्या-सोळाव्या पावलापर्यंत तिला नवं वाक्य सुचलेलं असायचं. एखाद दिवशी शिवी जरा जड असली तर ती गल्लीच्या मध्यात थांबून चपलेचा पट्टा नीट करायची, तेवढ्यात सुचायचं. आणि गंमत अशी, की दोघंही तसंच वागायला लागले. नवरा मऊ रबराचा माल बघून मागवायला लागला. भाऊ प्रत्येक वेळी फडकं फिरवून जागा पुसायला लागला. गॅरेजातल्या गाड्या गळायच्या थांबल्या. लांबलांबून लोक यायला लागले. श्रेय कुणाचं म्हणून विचारलं तर भाऊ म्हणायचा माझ्या हाताचं, नवरा म्हणायचा माझ्या मालाचं.

तिच्या मनात मात्र तो एक खडा राहिलाच. आपला हात कमी पडला होता, की फिल्टरच वाईट होता? हात कमी पडला असेल तर दोघांच्या अबोल्याचं पाप आपलं. फिल्टर वाईट असेल तर निदान अर्धं तरी सुटलं. हे कुणाला विचारायची सोय नव्हती, म्हणून तिनं फिल्टरलाच विचारायचं ठरवलं. चौथीत शाळा सुटलेली बाई, वाचायला जमायचं ते अडखळत. पण हाताला अक्षर लागत नाही.

रोज दहा फिल्टर हातातून जायचे, ते ती तोलून बघायला लागली. एकाच मापाचे दोन डबे, पण एक हातात नारळासारखा भरीव आणि एक फुग्यासारखा. कानाशी धरून हलवायची. आत काही खुळखुळलं तर तो परत खोक्यात. मधल्या भोकाच्या आट्यांवरून करंगळी फिरवायची, पत्र्याचा कीस लागला की नको. रबरावर नख टेकवायची. चांगलं रबर नख सोडलं की पुन्हा सपाट होतं, वाईट रबर ओरखडा जपून ठेवतं, काही माणसांसारखं. कड्याच्या आतल्या बाजूच्या बारीक भोकांतून आत डोकावलं की आणखी एक पातळ रबरी पडदा दिसतो. तो आगपेटीच्या काडीनं दाबून बघायची, आपसूक मागे आला पाहिजे. गाडी उभी असताना ऑइल खाली निथळून जाऊ नये म्हणून तो असतो. नाहीतर सकाळी इंजिन कोरड्या घशानं खाकरत उठतं.

एक दिवस तिनं पत्रा कापायची कात्री घेऊन दोन फिल्टर स्वयंपाकाच्या ओट्यावर फाडून पाहिले. एकाच्या आत कागदाच्या घड्या दाट, सारख्या, दोन्ही टोकांना पक्क्या चिकटवलेल्या. दुसऱ्यात पाच-पंचवीस घड्या, त्याही एका बाजूला निसटलेल्या. नवरा पाणी प्यायला आत आला आणि दारातच थबकला. ओट्यावर कांदा, शेजारी फाडलेला माल.

"अगं, हे काय चिरतेस?"

"भाजी," ती म्हणाली. "ही चांगली, ही नासकी. दोन्ही तुमच्याच दुकानातल्या. आणि खोकी बघा, नासकीचं जास्त झगमगीत."

नवऱ्यानं पाणी प्यायलं. दुसऱ्या दिवशी त्या झगमगीत खोक्यांची अख्खी रास परत गेली. तेव्हापासून नवा माल आला की तो आधी तिच्यापुढे ठेवायचा, आणि ती डाळ निवडावी तशी निवडायची. खोक्यावरचा आकडा आणि डब्यावरचा आकडा जुळतो का, हेही तिनं बोट ठेवून एकेक अंक लावत बघायला सुरुवात केली. एवढी पारख आली, तरी तिच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर मिळेना. तो फिल्टर त्याच जातीचा होता, जो पुढं हजारोंनी गेला आणि कधी गळला नाही. म्हणजे हातच. आपलाच हात.

एकोणिसाव्या वर्षी एक म्हातारा छोटी गाडी घेऊन गॅरेजात आला. गाडीखालून थेंब थेंब गळत होतं. ती तेव्हा फिल्टरचं खोकं घेऊन तिथंच उभी होती. म्हातारा ओशाळून सांगत होता, की निवृत्त झाल्यावर हाताला काम नाही म्हणून फिल्टर घरी स्वतःच बदलला. उभ्या गाडीत कोरडा होता, धावली की गळायला लागला. बोलता बोलता त्यानं सवयीनं हॉर्नवर कोपर टेकलं.

हॉर्नवरचं ते कोपर पाहिलं आणि तिच्या हातातलं खोकं खाली पडलं. भावानंही गाडीखालून मान बाहेर काढली. तोच टॅक्सीवाला.

"मीच तो," म्हातारा म्हणाला. "तेव्हा फार बोललो. नंतर तोंड दाखवायची लाज वाटली."

भावानं फिल्टर फिरवून काढला आणि उजेडात धरला. मग इंजिनावर बोट फिरवलं, नखानं काहीतरी सोडवलं. हातात दोन कडी आली. एक नव्या फिल्टरचं, आणि एक जुनं, भाजून कडक झालेलं, इंजिनालाच चिकटून राहिलेलं. जुन्यावर नवं बसलं होतं. गाडी हळू चालली की धरतं, दाब वाढला की दोन्ही एकमेकांवरून घसरतात.

"अरेच्चा," म्हातारा म्हणाला. "मी पण तेच केलं की. तेव्हा त्या दुसऱ्या गॅरेजवाल्यानं हेच काढून दाखवलं होतं मला. दोन रबरं. फिल्टर झकास होता म्हणे, आवळलेलाही बरोब्बर."

ती एका जॅकवर बसली. आवळलेला बरोब्बर. एकोणीस वर्षांनी कुणीतरी तिच्या हाताला पास केलं होतं.

मग ती उठली आणि गल्ली ओलांडून गेली. पहिल्यांदाच तिच्याजवळ कुणाचा निरोप नव्हता, आणि पावलं मोजायचं भानही नव्हतं. नवरा गल्ल्यामागे पेपर वाचत होता.

"अहो," ती म्हणाली, "ती टॅक्सी आठवते? तो फिल्टर दादानं नव्हता बसवला. मी बसवला होता."

नवऱ्यानं पेपर खाली केला. काय झालं, कसं झालं, दोन रबरं कशी निघाली, तिनं सगळं सांगितलं. या वेळी एक शब्दही बदलला नाही. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचं लक्ष भलत्याच ठिकाणी अडकलं.

"म्हणजे मी त्याला म्हटलं, तुझ्या हाताला जोर नाही," तो सावकाश म्हणाला, "तेव्हा त्याला माहीत होतं, हात त्याचा नव्हता."

"माझी बोटं पाहिली होती त्यानं."

"आणि बोलला नाही."

"आठ महिने झाले होते लग्नाला. माझ्यावर येईल म्हणून नसेल बोलला."

नवरा उठला. एक चप्पल स्वतःची, एक तिची, अशी पायात सरकवून तो गल्लीत उतरला. पानवाला, शिंपी, वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी मास्तरीण, सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. डबाशेठ गल्ली ओलांडत होता.

गॅरेजच्या उंबऱ्यावर तो उभा राहिला. भाऊ फडक्यानं हात पुसत होता, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

"पाऊण," नवरा म्हणाला.

"काय दाजी."

"तुझ्या हाताला जोर आहे."

भावानं फडकं खांद्यावर टाकलं. "तुमचा फिल्टरही बरा होता," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, चिमीचा हात कमी पडला. तिचं नाव निघू नये म्हणून मी डब्यावर घेतलं."

"मग चूक होती कुणाची?"

भावानं ते जुनं कडक कडं बोटात फिरवलं. "टॅक्सीला त्याच्या आधी जो फिल्टर होता, तोही तुमचाच. हलकं रबर, भाजून चिकटलं. तो तुमचा पाव हिस्सा. काढताना मी बघितलं नाही कडं आलं की नाही, तो माझा पाव. हिनं जागा पुसली नाही, तो हिचा. तीन पाव."

"पाऊण झालं," नवरा म्हणाला.

"पाऊणच झालं."

"आणि उरलेला पाव?"

कोपऱ्यात उभ्या म्हाताऱ्यानं हात वर केला. "हॉर्न मी वाजवत होतो."

मग जे हसू सुटलं ते आवरेना. भाऊ चाकाला टेकून हसत होता, नवरा दोन वेगळ्या चपलांत डुलत होता. ती हसता हसता डोळे पुसायला गेली आणि तोंडभर ऑइल फासून बसली. म्हाताऱ्याच्या गाडीला तिनं निवडलेला फिल्टर बसला. खाली पुठ्ठा सरकवून इंजिन चालू केलं, गल्लीला दोन चकरा मारून पुन्हा बघितलं. पुठ्ठा कोरडा.

नंतर चहा पिताना नवऱ्याला काहीतरी आठवलं. "बाकी तू मला साखरेचा डबा म्हणालास ते बरोबर नव्हतं."

ती दचकली. तो निरोप तिनं कधी पोचवलाच नव्हता.

"तुम्ही मला हात धुवायला सांगितलंत तेही नव्हतं," भाऊ म्हणाला. "बावीस पावलांची गल्ली, दाजी. तुमचा आवाज असा की चौकात ऐकू जावा."

"म्हणजे तुम्हा दोघांना सगळं ऐकू येत होतं?" ती म्हणाली. "पहिल्यापासून?"

दोघांनी चहात तोंडं घातली. शेवटी भाऊच म्हणाला, "तू काय करून आणतेस ते ऐकायला थांबायचो. तुझं चांगलं असायचं."

तिनं दोघांच्याही हातातले कप काढून घेतले आणि त्या दिवशी दुसरा चहा मिळाला नाही.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही, कारण चांगली गेली. दोघं तोंडानं भांडायला लागले आणि रोज भांडले. कोणता फिल्टर किती धावतो, कुणाच्या गाडीला कोणता शोभतो, यावर तासन् तास. तरीसुद्धा फिल्टर हवा असला की भाऊ दारातून हाक तिलाच मारायचा, आणि निरोपही तिच्याच हाती जायचा. गुडघे कुरकुरायला लागले तशी बावीसची तीस पावलं झाली. मुलगी म्हणायची, आई, आता त्यांचं ते बघतील की. ती म्हणायची, बघतील, पण बघून काय आणतील?

मग एक वर्षी मुलीनं आणि जावयानं मोठ्या रस्त्याला जागा घेतली. ऐसपैस, पुढे दुकान, मागे गॅरेज, एकाच छपराखाली. मधे भिंतसुद्धा नाही, नुसतं काउंटर. सामान हलायला लागलं. खोकी गेली, जॅक गेला, पाने गेले. शेवटच्या दिवशी गॅरेजात एकच गाडी उरली होती, टॅक्सीवाल्या म्हाताऱ्याची. ती मुद्दाम जुन्याच जागेत करून घ्यायची असा त्याचा हट्ट.

सकाळी दहाच्या सुमारास भावानं दारातून हाक मारली, "चिमे, फिल्टर."

रिकाम्या दुकानात तिच्यासाठी तीन खोकी मागे ठेवलेली होती. तिनं पहिलं उघडलं, तोललं, बाजूला ठेवलं. दुसरं कानाशी धरून हलवलं, करंगळी फिरवली, रबरावर नख टेकवून बघितलं, काडीनं पडदा दाबला, आकड्यावर बोट ठेवून एकेक अंक जुळवला. तिसरं तिनं उघडलंही नाही.

"त्या पाऊणला सांग," नवरा खुर्चीतून म्हणाला, "नव्या जागेत खिडकीजवळची खुर्ची माझी आहे. तिच्यावर डोळा ठेवलास तर काउंटरवरून फेकून देईन."

समोर भाऊ फडक्यानं इंजिनावरची जागा पुसत होता. त्यानं मान वर केली नाही, पण फडकं थांबलं होतं.

ती खोकं घेऊन निघाली. गल्लीच्या मध्यात सायकलवाल्याला वाट दिली, चपलेचा पट्टा नीट केला, आणि गॅरेजात पोचून फिल्टर भावाच्या हातात दिला.

"हे म्हणतायत," ती म्हणाली, "खिडकीजवळ दोन खुर्च्या टाकू."

"बरं," भाऊ म्हणाला. त्यानं रबराला ऑइल चोळलं, हातानं फिरवत नेलं, टेकलं तिथं थांबला. मग पाऊण फेरी. तिनं वाकून गाडीखाली पुठ्ठा सरकवला.